राऊतकाकूंचा पॅसिफिक

टोकियोत छत्री घेऊन निघावं की नाही, हे राऊतकाकूंना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. त्या "जा, काही येत नाही" म्हणाल्या की मी भिजायचोच. त्यांच्या भरवशावर राहून मी कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, पारदर्शक प्लास्टिकच्या इतक्या छत्र्या विकत घेतल्या, की गल्ल्यावरची मुलगी मला लांबून पाहिलं की छत्रीचं बिल करायला घ्यायची. मग आभाळ निळंशार का असेना. पण तिथून तीन हजार किलोमीटर दक्षिणेला, जिथे काकू आयुष्यात कधी गेल्या नव्हत्या, त्या उष्ण पाण्यातल्या बेटांवर आज वारा कुठून येईल, लाट किती उंच असेल आणि दोन लाटांच्या मध्ये किती सेकंद जातील, हे त्या अशा ठसक्यात सांगायच्या की ऐकणाऱ्याने मुकाट्याने नारळाला बांधलेली होडी सोडावी, नाहीतर आणखी एक गाठ मारावी.

टोकियोच्या तोयोसु भागात, खाडीकाठच्या उंच इमारतीत, अकराव्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. चिमुकलं. दोन माणसं एकदम शिंकली तर तिसऱ्याला बाहेर जावं लागे. धंदा एकच: पॅसिफिकमधल्या लहान लहान बेटांना आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या बोटींना हवेची आणि समुद्राची खबर द्यायची. रोज सकाळी नऊला पाच मिनिटांचं इंग्रजी बातमीपत्र रेडिओवरून बेटाबेटांवर जायचं. मी तिथे दोन हजार अकराच्या मोठ्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी पुण्याहून कॉम्प्युटर सांभाळायला आलो. आणि बातमीपत्र वाचणारा आवाज होता राऊतकाकूंचा. कुमुद राऊत. ऑफिसात राउतो-सान, कारण जपानी जिभेला शब्दाच्या शेवटी टेकायला एक स्वर लागतो. माझ्या परागचंही तिथे पारागु झालं होतं.

तुम्हाला वाटेल, बाई कोकणातल्या असतील, वडील बोटीवर असतील. काकू अकोल्याच्या. लग्न होऊन बोरिवलीला येईपर्यंत त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पूर आलेली मोर्णा. "समुद्र म्हणजे काय, मोर्णाच," त्या म्हणायच्या, "फक्त पलीकडच्या काठावरची म्हैस दिसत नाही." लग्नानंतर राऊतकाका त्यांना हौसेने अलिबागला घेऊन निघाले, तर लाँच अजून धक्क्याला बांधलेली असतानाच काकूंना मळमळायला लागलं. जपानात आल्यावर घरातल्या खोल टबात बसल्या, तेव्हाही म्हणे लागलं. तोयोसुच्या पुलावरून जाताना त्या खाडीकडे पाठ करून चालायच्या. आणि ह्या बाईच्या हाती अख्खा पॅसिफिक.

तो त्यांच्या हाती कसा आला, ते मी पाहिलेलं नाही, पण इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलंय की आता मी तिथे होतो असंच मला वाटतं. राऊतकाका बँकेच्या नोकरीवर टोकियोत आलेले, काकू त्यांच्यासोबत. घरी बसून कंटाळल्या म्हणून आमच्या ऑफिसात अर्धवेळ पाकिटांवर पत्ते चिकटवायला लागल्या. तिसऱ्याच आठवड्यात तो मार्चमधला भूकंप झाला. त्या दिवशी उत्तरेला किनाऱ्यावर काय झालं ते जगाला माहीत आहे, त्याच्याबद्दल मी चेष्टेत एक अक्षर बोलणार नाही. पण तोयोसुच्या अकराव्या मजल्यावर सगळे टेबलाखाली शिरले असताना काकू एकट्या भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभ्या होत्या. भिंतीवर छताला भिडणारा काचेच्या चौकटीतला पॅसिफिकचा नकाशा होता, तो सुटायला लागला होता आणि त्याच्या बरोब्बर खाली मोरिता-सान हेल्मेट न घालता बसले होते. इमारत झोके खात होती तेवढा वेळ काकूंनी पॅसिफिक पाठीवर धरून ठेवला. थांबल्यावर म्हणाल्या, "आता कोणीतरी घ्या बाप्पा, माझा खांदा भरून आला."

मोरिता-सान म्हणजे आमचे साहेब. सडपातळ, शांत, हिरव्या फाइलशिवाय न दिसणारे. नंतरच्या आठवड्यात बातमीपत्र वाचणारा ऑस्ट्रेलियन गृहस्थ मिळेल त्या विमानाने घरी गेला. त्याला कोणी दोष दिला नाही. पण बेटं नऊ वाजता रेडिओला कान लावून बसलेली. मोरिता-साननी ऑफिसात फिरून विचारलं, इंग्रजी कोणाला वाचता येतं? काकूंनी हात वर केला. अकोल्याच्या शाळेत त्यांनी दोन वर्षं पाचवीला इंग्रजी शिकवलं होतं.

म्हणून बातमीपत्र त्या शुद्धलेखन घालावं तसं वाचायच्या. "विंड... ईस्ट नॉर्थ ईस्ट. ईस्ट. नॉर्थ. ईस्ट. लिहिलं?" हे "लिहिलं" मोठ्या मिनतवारीने सुटलं. पण शेवटच्या बाकावरच्या पोरासाठी प्रत्येक गोष्ट दोनदा म्हणायची खोड काही सुटली नाही. मोरिता-साननी आधी तोंड वाकडं केलं, मग बेटांवरून निरोप यायला लागले: रेडिओ फार खरखरतो, पण या बाई दोनदा सांगतात, त्यातलं एक तरी पोचतं. ऑस्ट्रेलियन गृहस्थाच्या आवाजाला मध होता म्हणे, पण तो मध निम्म्या वाटेत समुद्रात सांडायचा. काकूंचं शुद्धलेखन थेट पोचायचं.

काकूंचं आणि हिरव्या फाइलचं मात्र कधी जमलं नाही. फाइलमध्ये समुद्राला लावायचे शब्द ठरलेले. लाट इतके मीटर असेल तर स्मूद, इतके असेल तर स्लाइट, मग मॉडरेट, मग रफ. आकडा सांगायचा, शब्द सांगायचा, गप्प बसायचं. जा म्हणायचं नाही, जाऊ नका म्हणायचं नाही. सल्ला देणं आपलं काम नाही. काकूंचा राग सगळ्यात जास्त मॉडरेटवर. "हा काय शब्द आहे? सासरची माणसं कशी आहेत असं माहेरी विचारलं की पोरगी जे सांगते ना, ते मॉडरेट. त्याच्यावरून काही कळतं का कोणाला?"

मला समुद्र शिकवला तो काकूंनीच, आणि तो सगळा घरगुती मापाने. एक मीटरची लाट म्हणजे त्यांचा भाचा. दीड मीटरची म्हणजे सासूबाई. अडीच मीटरची म्हणजे सासूबाई स्टुलावर चढून डबा काढताना. पुढे चार मीटर झाली की त्या सासूबाईंचं नाव घेणं सोडून नुसतं कपाळाला हात लावायच्या. आणि लाटांचे दोन प्रकार: घरच्या आणि पाहुण्या. घरच्या म्हणजे इथल्याच वाऱ्याने उठलेल्या. वारा पडला की त्याही पडतात. पाहुण्या म्हणजे कुठेतरी हजारो किलोमीटरवर वादळ होतं, ते तिथेच विरतं, पण त्याने पाठवलेली लांब, संथ लाट दिवसचे दिवस चालत दुसऱ्याच्या दारात येते. तिथे वारा नसतो, ऊन पडलेलं असतं, आणि ही दारात उभी. "घरच्यांची भीती नाही पराग," त्या म्हणायच्या. "त्या आधी ओरडतात. पाहुणी हसत येते आणि स्वयंपाकघरात शिरते."

ह्या विद्येची लागण एवढी की राऊतकाकाही तिच्यातून सुटले नाहीत. एदोगावात त्यांचं घर माझ्यापासून दोन चौकांवर. मी बेल वाजवली की काका दार किलकिलं करून आतला अंदाज द्यायचे. "स्लाइट आहे, ये, पोहे मिळतील." किंवा, "रफ. चुकीच्या दिवशी कचरा ठेवला मी, तो वॉर्डवाल्यांनी चिठ्ठी लावून परत ठेवला. तू उद्या ये." सकाळी स्टेशनकडे सायकलवरून जाताना काकू बोट तोंडात घालून ओलं करायच्या आणि वारा पाहायला वर धरायच्या. एकदा चौकीतल्या पोलिसाने थांबवलं, एका हाताने सायकल चालवायची नाही. काकूंनी त्याला आपल्या जपानीत सांगितलं, दुसरा हात ऑफिसच्या कामात आहे. त्याने वाकून नमस्कार करून सोडून दिलं. ह्यातलं नमस्काराचं मी वाढवलेलं असेल. सोडून दिलं हे खरं आहे.

आता एक शब्द नीट सांगायला हवा, कारण पुढचा सगळा घोळ त्याने घातला.

नामी. आपल्याकडे नामी म्हणजे झकास, पहिल्या प्रतीचं. नामी युक्ती, नामी संधी. जपानीत नामी म्हणजे लाट. त्सुनामीतली नामी ती हीच. काकूंना हे माहीत नव्हतं असं नाही. डोक्याला माहीत होतं, जिभेला नव्हतं. आणि बातमीपत्र संपून, माईक चालू असल्याचा लाल दिवा विझला की काचेपलीकडच्या माझ्याकडे बघून त्या दिवसाच्या समुद्रावर मराठीत एका शब्दाचा शेरा मारायच्या, वहीखाली मारतात तसा. "फालतू." "बरा." "चिडका." वर्षातून चार-पाच वेळा, वारा मंद, लाट भाच्याच्याही कमरेइतकी, पाणी तेलासारखं असं सगळं जुळून आलं की, "नामी."

दिवा विझवायचं बटण माझ्याकडे होतं.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. काकूंनी चकल्यांचा डबा आणला होता आणि तो बटणाच्या शेजारी ठेवला होता. ठेवायला नको होता, एवढंच मी म्हणेन. त्या दिवशी आकडे असे आले होते की वाचताना काकूंचा आवाज लाडात आला. सगळ्या बेटांवर स्मूद. एंड ऑफ बुलेटिन. माझा उजवा हात डब्यात मनगटापर्यंत. दिवा लालच. आणि काकू, हात जोडून, समाधानाने: "नामी. एकदम नामी."

दोनदा. शेवटच्या बाकासाठी.

आम्हाला काही पत्ता नाही. आम्ही चकल्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी साडेआठला ओलुमाई नावाच्या बेटावरून निरोप आला. ओलुमाई म्हणजे नकाशावर माशी बसली तर झाकलं जाईल एवढं बेट. शंभरएक माणसं, एक चर्च, एक टेकडी, आणि रेडिओ सांभाळणारे तोमास आजोबा. आजोबांचं वय त्यांनाही नक्की माहीत नव्हतं, पण दुसऱ्या महायुद्धाच्या आधी त्या बेटांवर जपान्यांचं राज्य होतं तेव्हा ते जपानी शाळेत गेले होते. निरोप असा: "लाटेचा इशारा मिळाला. कालपासून सगळे टेकडीवर आहेत. समुद्र फार शांत आहे. लाट केव्हा येणार ते कृपया कळवावं. डुकरांना भूक लागली आहे."

मोरिता-साननी निरोप तीनदा वाचला. मग कालचं ध्वनिमुद्रण लावलं. एकदम नामी, असं काकूंच्या आवाजात ऑफिसभर घुमलं, आणि अकराव्या मजल्यावर मराठी न येणाऱ्या प्रत्येक माणसाने दचकून खिडकीबाहेर पाहिलं.

डोळ्यांपुढे आणा. जपानहून रोज येणारा आवाज. जपानमध्ये दीड-दोन वर्षांपूर्वी काय झालं ते त्या बेटानेही पाहिलेलं. आणि तो आवाज इंग्रजी सोडून अचानक जपानीत, दोनदा, लाट म्हणतो. तोमास आजोबांनी चर्चची घंटा वाजवली. म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेतलं, डुकरांना दोऱ्या लावल्या, आणि अख्खं बेट टेकडीवर जाऊन वर्षातल्या सगळ्यात सुंदर समुद्राकडे बघत बसलं. मासेमारीचा तसला दिवस त्यांना पुन्हा कधी मिळाला असेल, कोण जाणे.

चौकशी झाली. दिवा का विझला नाही, असं मोरिता-साननी विचारलं. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण काकू आधी म्हणाल्या, "मी घाई केली." आणि विषय संपवला. मोरिता-सान, तुम्हाला कोणी हे वाचून दाखवलं तर आता तरी कळू दे, चकली माझ्या हातात होती.

शिक्षा अशी की महिनाभर माईक बंद. काकूंनी पाकिटं चिकटवावीत, बातमीपत्र मोरिता-सान स्वतः वाचतील. काकूंनी मान हलवली. त्यांना त्याचं फार वाटलं नाही. लागलं ते दुसरंच. मोरिता-साननी ओलुमाईला रीतसर माफीचा निरोप पाठवला: तो शब्द वाचणाऱ्या बाईंच्या मातृभाषेतला होता, त्या भाषेत त्याचा अर्थ उत्तम असा होतो, झालेल्या त्रासाबद्दल अत्यंत खेद आहे. त्यावर तोमास आजोबांचं उत्तर आलं. नम्र, दोन ओळींचं.

"समजलं. यापुढे आम्ही फक्त आकडे ऐकू. शब्द ऐकणार नाही."

काकू तो कागद हातात घेऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "काकू, जाऊ द्या. एका दिवसाची मासळी गेली, भरून निघेल."

"मासळीचं कोण बोलून राह्यलं?" रागावल्या की त्यांच्या तोंडात अकोला यायचं. "उद्या खरीच लाट आली तर हे लोक उठतील का? मी त्यांना टेकडीवर नेलं आणि काही आलंच नाही. आता ते बसून राहतील. माझ्यामुळे बसतील."

त्या महिन्यात मोरिता-साननी बातमीपत्र वाचलं. मोरिता-सान कर्तव्यात कधी चुकले नाहीत, पण त्यांच्या इंग्रजीत र आणि ल एकमेकांच्या घरी राहायचे. बेटांवरून निरोप आले: नवीन गृहस्थ कोणत्या भाषेत बोलतात? बाई आजारी आहेत का? काकू मागच्या टेबलाशी पाकिटं चिकटवत नऊच्या ठोक्याला ओठ हलवायच्या. प्रत्येक गोष्ट दोनदा.

त्याच सुमाराला मोरिता-सानच्या घरी त्यांच्या सासूबाई नागोयाहून दोन दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या. त्याला सात आठवडे झाले होते. मोरिता-सान ह्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत, पण ते रोज सकाळी साडेसहाला ऑफिसात येऊन बसायला लागले होते, त्यावरून सगळ्यांना कळलं होतं.

डिसेंबरात टोकियोवरून एक दांडगं वादळ गेलं. तोयोसुच्या पुलावर माझी ह्या कथेतली शेवटची छत्री उलटी झाली, ती सोडली असती तर अमेरिकेला पोचली असती. मोरिता-सानचीही मोडली. वादळ पूर्वेला समुद्रात गेलं, दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि आम्ही विसरून गेलो. काकू विसरल्या नाहीत. शिक्षा चालू असताना नकाशाकडे बघायला बंदी नव्हती. त्या तीन दिवस येता-जाता भिंतीपाशी थांबत होत्या. तिसऱ्या सकाळी पावणेनऊला पाकिटांचा गठ्ठा तसाच टाकून त्या मोरिता-सानच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचं बोलणं जपानी, इंग्रजी आणि हातवारे अशा तीन भाषांत चालायचं. मी मराठीत सांगतो.

"मोरिता-सान, ओलुमाईला आज काय वाचणार?"

त्यांनी कागद पाहिला. "वारा नाही. लाट अडीच मीटर, सोळा सेकंद. उत्तरेकडून. मॉडरेट."

"अमावास्या आहे. संध्याकाळी मोठी भरती आहे. गाव उत्तरेच्या काठावर आहे."

"भरतीची वेळही वाचणार आहे."

"त्यांच्याकडे ऊन असेल, वारा नसेल. तुम्ही मॉडरेट म्हणाल, ते जेवायला बसतील. ज्या वादळाने तुमची छत्री मोडली ना, त्याची ही पाहुणी आहे. आपल्या दारावरूनच गेली ती. भरतीच्या वेळी पोचली तर घरात शिरेल. टेकडीवर जा म्हणून सांगा त्यांना."

"राउतो-सान. फाइलप्रमाणे शब्द मॉडरेट आहे. सल्ला आपण देत नाही." मोरिता-साननी कागद फाइलवर ठेवला. "आणि ते शब्द ऐकत नाहीत. मागच्या वेळेपासून."

हे त्यांनी टोचायला म्हटलं नव्हतं. पण लागायचं तिथे लागलं. काकूंचा चेहरा उतरला. घड्याळात नऊला नऊ मिनिटं होती. मी बटणाशी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो होतो, आसपास खायचं काही नव्हतं. काकूंनी पदर नसलेल्या पंजाबी ड्रेसची ओढणी पदरासारखी खोचली आणि अगदी शेजारणीने विचारावं तसं विचारलं,

"मोरिता-सान, नागोयाच्या सासूबाई कशा आहेत?"

ऑफिसात कोणीतरी कीबोर्डवर बोटं थांबवली. मोरिता-सान खिडकीबाहेर पाहत राहिले. शेवटी, फार जपून, म्हणाले,

"मॉडरेट."

कोणी हसलं नाही. त्यांच्या स्वतःच्या कानावर तो शब्द पडला, हे आम्हाला सगळ्यांना दिसलं. त्यांनी कागद पाहिला, नकाशा पाहिला, ज्याच्याखाली ते एकदा बसले होते तो. मग हिरवी फाइल मिटली, खुर्चीतून उठले आणि खुर्ची काकूंकडे वळवून कमरेत वाकले. घड्याळात नऊला दोन मिनिटं होती.

काकूंनी बातमीपत्र वाचलं. एकेक बेट. वारा, लाट, सेकंद, भरती, दोनदा दोनदा. ओलुमाई शेवटी ठेवलं. अडीच मीटर. अडीच मीटर. सोळा सेकंद. सोळा सेकंद. मग श्वास घेतला. माझं बोट बटणावर होतं आणि मोरिता-सानचा हात माझ्या मनगटावर होता, दाबू नकोस म्हणून.

"नामी," काकू म्हणाल्या. "नामी. धिस टाइम... इन जॅपनीज."

मी दिवा विझवला. त्या दिवशी त्यांनी शेरा मारला नाही.

ओलुमाईहून काही आलं नाही. दहाला नाही, बाराला नाही. मोरिता-साननी रेडिओवर हाका मारून पाहिल्या, नुसती खरखर. काकूंनी डबा उघडला नाही. त्या संत्री सोलत बसल्या होत्या, ती छोटी, सुट्या सालीची, हिवाळ्यात जपानात घरोघरी असतात ती. एक सोलायचं, ठेवायचं, दुसरं घ्यायचं. दुपारी मी मोजून पाहिलं, दर सोळा सेकंदाला सालीचा एक तुकडा सुटत होता. खाल्लं एकही नाही. पाचला राऊतकाका न्यायला आले, दारातूनच त्यांनी माझ्याकडे भुवया उंचावून पाहिलं. मी मान हलवली. आज ह्याला शब्द नाही, काका.

दुसऱ्या दिवशी साडेआठला निरोप आला. मोरिता-साननी तो स्वतः न वाचता काकूंच्या हातात दिला, आणि काकूंनी चष्मा सापडत नाही असं सांगून माझ्या. चष्मा नाकावर होता.

"नामी आली. भरतीबरोबर. उत्तरेकडच्या घरांत गुडघ्याच्या वर पाणी. अळकुड्यांची खाचरं खारट झाली. रेडिओ टेकडीवर नेता नेता भिजला, आता वाळला. माणसं सगळी वर होती. आम्ही मोजलं, सोळा सेकंद बरोबर आहेत. बाईंना सांगा, या वेळी डुकरांचं खाणं सोबत नेलं होतं."

मी हा किस्सा सांगायला लागलो की लाट कधी माडाएवढी होते, कधी चर्चच्या घंटेला लागते. गुडघ्याच्या वरच होती. पण त्या गावात रांगणारी मुलं होती.

काकूंनी निरोप हातात घेतला आणि दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "अळकुड्यांचं वाईट झालं." आणि आदल्या दिवशी सोललेली सगळी संत्री त्यांनी ऑफिसभर वाटली. कोमेजली होती, पण नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही. मोरिता-साननी दोन खाल्ली, आणि दुपारी हिरव्या फाइलमध्ये एक नवीन पान घालून त्यावर आपला लाल शिक्का मारला. मी ते पान पाहिलं आहे. त्यावर जपानीत एकच नियम होता: नामी हा शब्द राउतो-सान यांनी फक्त जपानीत वापरावा.

पुढे दोन वर्षं काकूंनी तो नियम पाळला. समुद्र कितीही सुंदर असला तरी दिवा विझल्यावरसुद्धा त्या "बरा" च्या वर गेल्या नाहीत. जीभ शिकली होती. ओलुमाईहून दर नाताळाला बाईंसाठी निरोप यायचा, डुकरांच्या खुशालीसकट.

मग राऊतकाकांची बदली झाली, मुंबईला परत. निघायच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन आला. "पराग, रिकामा आहेस का? मला समुद्रात उभं राहायचंय."

"काकू, तुम्हाला?"

"चार वर्षं लोकांना सांगून राह्यली कसा आहे, कसा आहे. एकदा पाहते तरी."

एदोगावाच्या दक्षिण टोकाला समुद्रकाठी बाग आहे, तिच्यापुढे वाळूचा लहानसा किनारा. एप्रिलची सकाळ होती, वारा नावाला. काकूंनी बूट काढून मोजे त्यांत नीट घड्या घालून ठेवले, सलवार पोटरीपर्यंत दुमडली आणि माझा दंड घट्ट धरून पाण्यात शिरल्या. घोटाभर पाण्यापर्यंत जाऊन माझा दंड सोडला. मी दोन पावलं मागे, त्यांचे बूट हातात घेऊन. त्या दक्षिणेकडे तोंड करून उभ्या होत्या, जिकडे तीन हजार किलोमीटर पाणीच पाणी आणि मग ती बेटं. बोट ओलं करून वर धरलं. ते तसंच धरून ठेवून समोर बघत राहिल्या. मळमळतंय की काय असं वाटून मी हाक मारणार, एवढ्यात काकू हळूच, पण स्पष्ट म्हणाल्या,

"नामी."

मी बूट घेऊन पळालो. वाळू, पायऱ्या, एक तीनचाकी सायकल ओलांडून थेट बागेच्या कठड्यापर्यंत, आणि तिथे धापा टाकत मागे वळून पाहिलं.

काकू जागच्या हलल्या नव्हत्या. समुद्र तेलासारखा पसरला होता, त्यांच्या घोट्याला एक भाच्याच्या टाचेएवढी लाट लागत होती, आणि त्या एकट्याच, कमरेवर हात ठेवून, त्याच्याकडे बघत होत्या.

मराठीत म्हणाल्या होत्या.